पाय दुखतोय? आधी एक बोट ठेवून दाखवा

सिंहगडावरून उतरताना मागच्या पावसाळ्यात माझा पाय मुरगळला. वर पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही झालेलं, गप्पा रंगलेल्या, आणि मुरमावरून पाय सटकला. घरी पोचेपर्यंत घोट्यावर लिंबाएवढी सूज. शेजारच्या काकू गरम मिठाची पुरचुंडी घेऊन हजर, आणि धाकटा भाऊ तेलाची बाटली घेऊन. दोघांचाही हेतू चांगला, पण पहिल्या दोन दिवसांत शेक आणि मालीश दोन्ही नको. सूज वाढते.

पाय मुरगळल्यावर आधी चार पावलं

लचक आहे की हाड मोडलंय हे ताडायला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम मांडले. जगभरचे डॉक्टर ते वापरतात, आणि घरीही त्यांचा अंदाज घेता येतो. मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतरही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? दोन्ही वेळा येत नसतील तर एक्स-रे काढा. पावलं पडत असली तरी बोटाने दाबून बघा. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्याची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड हाताला लागतं ते, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. नेमकं हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे हवाच. मला चार पावलं टाकता आली आणि दुखत होतं ते उंचवट्याच्या पुढच्या मऊ भागात. म्हणजे लचक.

मग बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्यायचं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करायचं. झोपताना पायाखाली दोन उशा.

दुखण्याची वेळ बघा

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टेकताच टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, दहा-बारा पावलांनी सुटतं, आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच? बहुतेक वेळा हा तळव्याच्या जाड पट्ट्याचा त्रास असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. फरशीवर दिवसभर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणारे आणि सपाट, कडक चपला घालून टेकडीवर जाणारे याला हमखास सापडतात. घरात चपला घालायच्या म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, म्हणून फक्त घरासाठी एक मऊ जोड वेगळा ठेवा. उठण्याआधी चवड्याला पंचा अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा आणि अर्धा मिनिट धरा, असं तीनदा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. बरं व्हायला महिने लागतात, पण शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं दिसलं म्हणून घाबरू नका; टाच अजिबात दुखत नसलेल्या कित्येकांचंही तसं दिसतं.

मध्यरात्री अंगठ्याचं मूळ लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर गाउट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून येणारी सूज, असू शकतो. ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘फट्’ आवाज आला, वळून बघतो तर मागे कुणीच नाही! पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी (अकिलीस टेंडन) तुटल्याची ही ठरलेली कहाणी. पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे.

पावसाळ्यातल्या चिखल्या, रुतलेलं नख, कुरूप यांत फार गुंतत नाही. पाय कोरडे ठेवा, नखं सरळ कापा, कुरूप ब्लेडने कोरू नका.

न दुखणारा पाय

सगळ्यात जास्त भीती याची. माझे मामा पंधरा वर्षांचे मधुमेही. एका वर्षी पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालले. रात्री मोजा काढला तर तो रक्ताने भिजलेला, आणि तळव्याचा फोड फुटून साल निघालेली. मामा म्हणाले, “मला तर काहीच कळलं नाही.” मधुमेहात नसा बधिर होतात आणि दुखणं ही पायाची राखणच निघून जाते. वरच्या चार पावलांचा भरवसाही अशा पायाला धरू नये.

म्हणून मधुमेह असेल तर रोज रात्री आरशात तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. चपला झटकून घाला. पाण्याचा गरमपणा हाताच्या कोपराने तपासा. कुरुपाच्या औषधी पट्ट्या लावू नका, त्यातल्या ॲसिडने कातडी भाजते. जखम, फोड, काळा डाग किंवा न दुखता सुजलेलं, गरम पाऊल दिसलं, तर डॉक्टर त्याच दिवशी. हळद लावून वाट बघू नका.

इथे मात्र थांबू नका

पाऊल वाकडं झालंय, हाड दिसतंय, बोटं थंड आणि पांढरी पडली, लाली वर चढतेय आणि ताप आहे, तर थेट रुग्णालय. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत गुठळी असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ लावा.

बाकी कुठलंही दुखणं दोन-तीन आठवडे हटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल पिशवीत टाका. टाच कुठल्या बाजूने झिजलीय यावरून तुम्ही पाऊल कसं टाकता ते त्यांना कळतं. मी नवीकोरी घालून गेलो होतो आणि जुनी आणायला परत घरी यावं लागलं.