सोर्स स्वतःच्या शब्दात लिहायचाय? आधी पुस्तक मिटा

प्रोजेक्ट लिहिताना पुस्तक समोर उघडं असलं की आपण नुसते शब्द बदलत बसतो, 'फाशी दिली'चं 'फासावर चढवलं' केलं की झालं असं वाटतं, पण वाक्याचा सांगाडा तोच राहतो आणि ती कॉपीच धरतात.

मी सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर (लष्करी कायद्यावर) लिहिताना हे केलं:

१. उतारा दोनदा वाचला, पुस्तक मिटलं.
२. रूममेटला चहा पिताना सांगतो तसं मोबाईलवर बोलून रेकॉर्ड केलं. (तो ऐकत नव्हता, चालतंय की.)
३. रेकॉर्डिंग ऐकून लिहिलं, मग पुस्तक उघडून फक्त नावं-तारखा तपासल्या. मी सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचं साल १९३० च बोललो होतो, ते १२ जानेवारी १९३१.
४. लेखक, साल, पान नंबर तिथल्या तिथे टाकला, नंतर म्हणलं की राहतंच.

व्याख्या, कायद्याचं कलम, कुणाच्या भाषणातली नेमकी ओळ असेल तर मात्र बदलायच्या भानगडीत पडू नका, सरळ अवतरणात द्या.

आणि शब्द तुमचे झाले तरी माहिती दुसऱ्याचीच आहे, त्यामुळे संदर्भ द्यावाच लागतो, कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पकडलं नाही तरी.