हातात काम आहे, कागद नाही: एका वेल्डरचा आरपीएलचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलेला पोरगा पाच-सात वर्षांत चांगला वेल्डर होतो. ग्राइंडर मारता मारता टॅक (पत्रे जागेवर धरून ठेवणारे छोटे टाके) लावायला शिकतो, मिस्त्री जेवायला गेला की वेल्डिंगचा होल्डर हातात घेतो. मग एक दिवस मिस्त्रीच म्हणतो, "हा जॉब तूच कर आता." मीही असाच शिकलो. पण चाकणच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर पहिला प्रश्न येतो, "आयटीआय कुठून केलं?" आणि तिथेच गाडी अडते.

अशा लोकांसाठी आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच शिकलेल्या कामाला मान्यता) आहे. तुम्हाला येत असलेल्या कामाची परीक्षा घ्यायची आणि त्यावर प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून बहुतेक जण या वाटेने जातात. यात वर्षभराचा कोर्स नसतो. नोंदणी, थोड्या तासांचं ओरिएंटेशन (आमच्या वेळी बारा तासांचं होतं) आणि मग असेसमेंट, म्हणजे परीक्षा. आधार आणि बँक खातं लागतं. योजनेतल्या आरपीएलला उमेदवाराकडून फी घेत नाहीत, त्यामुळे "पाच हजार द्या, सर्टिफिकेट घरी येईल" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. खरं प्रमाणपत्र ऑनलाइन तपासता येतं, एचआरवाले तपासतातही.

नोंदणीच्या आधी एक गोष्ट ठरवा: कागद नेमका कुठे दाखवायचा आहे? आमच्याकडे पोरं हे विचारतच नाहीत आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणत फिरतात. आरपीएलचं प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयचं प्रमाणपत्र नव्हे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'संबंधित ट्रेडमध्ये आयटीआय' लिहिलं असेल, तर आरपीएलवर फॉर्म भरून पैसे घालवू नका. त्यासाठी वेगळी वाट आहे: अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून आयटीआयची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देता येते. अटी पुण्यात औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये समक्ष जाऊन विचारा, फोनवर अर्धवट कळतं. वय कमी असेल आणि घर चालवायची घाई नसेल, तर वेल्डर ट्रेडचा आयटीआय एक वर्षाचाच आहे आणि त्याला आठवी पास चालतं. मग सरळ तोच करावा, असं माझं मत.

तिसरा कागद आखातात किंवा प्रेशर व्हेसलच्या (दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांच्या) कामावर जाणाऱ्यांना लागतो. तिथे एएसएमई सेक्शन नाइन या अमेरिकन नियमावलीप्रमाणे टेस्ट होते, सिक्स-जी म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरका बांधलेला पाइप वेल्ड करून दाखवावा लागतो. ती पात्रता त्या प्रोसेसपुरती (वेल्डिंगच्या त्या पद्धतीपुरती) असते, आणि सहा महिने त्या प्रोसेसचं काम केलं नाही की संपते. आरपीएल दाखवून ही टेस्ट टळत नाही. मग आरपीएल कशाला? तर खासगी कंपनीत, ठेकेदाराकडे, हेल्परच्या हजेरीवरून वेल्डरच्या हजेरीवर जायला. मला तरी त्याचा उपयोग तिथे झाला.

आता असेसमेंट. घेणारा माणूस शिकवणाऱ्या सेंटरचा नसतो, बाहेरून येतो. बीड (वेल्डिंगची रेघ) सगळ्यांना मारता येते; अडतं ते तोंडी प्रश्नांत. दहा नंबरच्या (दहा गेज जाडीच्या) वेल्डिंग रॉडला करंट किती ठेवाल? हात बरोबर ठेवतो, शंभर ते सव्वाशे अँपिअरच्या आसपास, पण आकडा कधी सांगायची वेळच आलेली नसते. ७०१८ प्रकारचा रॉड ओव्हनमध्ये का तापवायचा? 'मिस्त्रीने सांगितलं म्हणून' याला मार्क नाहीत. रॉडच्या फ्लक्समध्ये, म्हणजे वरच्या लेपात, ओल धरते, त्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि जॉब थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, क्रॅक जातो. हे एवढं सांगता आलं पाहिजे. अंडरकट, पोरॉसिटी, स्लॅग इन्क्लुजन या वेल्डमधल्या दोषांची कारणंही विचारतात. तयारी म्हणून शेडवरच्या नवीन पोराला काम करता करता मोठ्याने समजावून सांगा. जिथे अडखळाल, तेवढंच वाचा. याहून चांगली तयारी मला सुचत नाही.

दुसरे मार्क सेफ्टीचे. आपल्याकडे चप्पल घालून, नुसता काळा चष्मा लावून ग्राइंडिंग चालतं, ते तिथे चालत नाही. लेदर ग्लोव्हज, एप्रन, सेफ्टी शूज, चालू करण्याआधी केबल आणि अर्थिंग बघणं, आजूबाजूला थिनरचा डबा नाही ना हे पाहणं. असेसर हे न बोलता टिपत असतो. शेडवरच्या सवयी परीक्षेच्या दिवशी सुटत नाहीत, आठवडाभर आधीपासून सगळं घालूनच काम करा. पोरं हसतील, हसू द्या.

अनुभवाच्या पुराव्याचं काम मात्र आजच सुरू करा. छोट्या शेडमध्ये पगार रोख, पीएफ नाही, मालक लेटरहेडवर सही द्यायला का कू करतो. काम सोडताना भांडून निघालात तर तो कागद कायमचा गेला. पीएफ असेल तर पासबुक, ईएसआयसी कार्ड, पगार खात्यात येत असेल तर स्टेटमेंट, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पत्रात 'आमच्याकडे कामाला होता' एवढंच नको. कुठलं वेल्डिंग, कुठल्या जाडीची प्लेट, कधीपासून कधीपर्यंत, हे मालकाकडून लिहून घ्या. मजकूर स्वतः टाइप करून नेलात तर सही लवकर मिळते.

दहावी राहिली असेल तर तीही समांतर उरकता येते. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. किमान पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा. तो गावच्या शाळेत अडकलेला असतो, म्हणून दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच गावी जाऊन तेवढं काम करून घ्या. नंतर शाळा बंद असते.