उदास मुलाला पळायला लावताना या चुका टाळा

‘उद्यापासून पहाटे साडेपाचला उठायचं, मैदानाला पाच चकरा!’ मूल गप्प गप्प राहायला लागलं की घरात असं फर्मान निघतं. नैराश्यात नेमकं सकाळी अंथरूण सोडणंच सगळ्यात जड जातं, त्यात रात्रभर नीट झोप नसते. तिसऱ्या दिवशी बेत फसतो आणि वर ‘आळशी’ हा शिक्का बसतो. त्यापेक्षा संध्याकाळी, क्लासच्या आधी, दहा मिनिटं भरभर चालणं पुरे. सोबत कुणीतरी असावं, उपदेश नसावा.

व्यायामाचा उपयोग होतो, यात शंका नाही. 2023 साली ‘जामा पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकात 21 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. व्यायामाने मुलांमधली नैराश्याची लक्षणं काही प्रमाणात कमी झालेली त्यात दिसली. पण हे चार दिवसांत होत नाही. आठवड्यातून तीनदा, असे काही आठवडे धरून चाला. जागतिक आरोग्य संघटनेचा रोज सरासरी 60 मिनिटांचा सल्ला 5 ते 17 वयाच्या सगळ्याच मुलांसाठी आहे. खचलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी तो गाठायचा नसतो.

वेग किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळावरचे आकडे बघत बसायची गरज नाही.

एक अडचण फारशी कुणी सांगत नाही. ज्याला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येतात, त्याला धावताना होणारी धडधड, घाम, धाप हे सगळं अटॅकसारखंच वाटतं आणि तो घाबरून थांबतो. ‘थोड्या वेळाने ठोके आपोआप खाली येतील’ हे आधीच सांगा, वेग हळूहळू वाढवा. ही धडधड सुरक्षित आहे, हे शरीराला उमगणं हाही उपचाराचाच भाग. मात्र छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

मार्क कमी पडले म्हणून दोरीवरच्या उड्या, पोट सुटलं म्हणून सायकल, असं कधीच नको. आणि मुलगी जेवण टाळून तासन्‌तास उड्या मारत असेल, एक दिवस चुकला तरी कासावीस होत असेल, तर कौतुक करू नका. खाण्याच्या विकाराची शंका घ्या.

पळायला लागला म्हणून गोळ्या किंवा समुपदेशन परस्पर बंद करू नका. जीव द्यायची भाषा निघाली तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.