व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला बेडच्या कडेला बसवताना

आयसीयूत नव्याने आलेल्या फिजिओला मी आधी सिस्टरचा चार्ट वाचायला लावते. झोपेचं औषध रात्रभर किती चाललं? हाक मारल्यावर पेशंट डोळे उघडतो का, 'हात दाबा' म्हटलं की दाबतो का? गाढ झोपेत असेल तर सांधे हलवा, कूस बदला, घोटे आखडू देऊ नका. पण राउंडला डॉक्टरांना रोज विचारा, 'औषध आज थोडं उतरवता येईल का?' हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून कितीतरी पेशंट नुसते पडून राहतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. लंडनच्या २०१३ च्या अभ्यासात अत्यवस्थ पेशंटच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे स्नायूची जाडी, पहिल्या १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तेवढं परत मिळवायला कित्येक महिने जातात.

आता आकडे बघा. व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन ६० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १० पर्यंत, सॅच्युरेशन ९० किंवा वर, श्वास मिनिटाला ३० किंवा कमी. बीपी टिकवून धरण्याचं औषध नुकतंच वाढवलं असेल, रक्तस्राव चालू असेल किंवा मणक्याचं फ्रॅक्चर स्थिर नसेल, तर बसवू नका. हे सगळं ठीक असलं तरी डॉक्टरांचा होकार घ्याच.

माणसं किमान तीन हवीत. एकाने फक्त तोंडातली श्वासाची ट्यूब धरायची, दुसरं काहीही करायचं नाही. सुरुवातीलाच ओठापाशी ट्यूबवरचा सेंटीमीटरचा आकडा मोठ्याने वाचा. बसवल्यावर आणि परत झोपवल्यावर पुन्हा वाचा. सक्शन (ट्यूबमधला कफ ओढून काढणं) आधी उरकून घ्या, नळीतलं फीड थांबवा, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आणि लघवीची पिशवी मोकळी करा. ज्या बाजूला व्हेंटिलेटर आहे त्याच बाजूला उतरवायचं, नाहीतर सर्किट, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्या, ताणलं जातं.

पेशंटला बोलता येत नाही, म्हणून खूण आधी ठरवा: अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला म्हणजे थांबा. 'काका, आता कुशीवर वळवतोय, मग पाय खाली' असं प्रत्येक पायरीआधी सांगा. डोक्याकडची बाजू हळूहळू उचला, थोडं थांबा, बीपी बघा. मग कूस, मग पाय खाली, त्याच वेळी खांद्याला आधार देऊन धड वर. तळवे जमिनीवर किंवा स्टुलावर पक्के टेकले पाहिजेत. लोंबकळते पाय ठेवून बसवणं मला अजिबात पटत नाही.

सॅच्युरेशन ८८ च्या खाली गेलं, नाडी १३० च्या वर किंवा ४० च्या खाली गेली, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, पेशंट व्हेंटिलेटरशी झगडू लागला किंवा त्याने नको म्हटलं, की लगेच झोपवा.

उत्साहाच्या भरात ओढाताणही नको. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना लवकर हलवण्याबद्दलच्या २०२२ च्या 'टीम' चाचणीत ७५० पेशंट होते. नेहमीपेक्षा जास्त हालचाल करवलेल्या गटाला सहा महिन्यांत हॉस्पिटलबाहेर जास्त दिवस मिळाले नाहीत, उलट हालचालीमुळे झालेले त्रास ९ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या गटात ते ४ टक्के होते. त्या दुसऱ्या गटालाही रोजची फिजिओ मिळतच होती, हे मात्र विसरू नका. माझ्या मते पेशंटला झेपेल तेवढंच करावं, पण ते रोज व्हावं.

किती मिनिटं बसला, आधार किती लागला, हे चार्टवर लिहा, म्हणजे दुसऱ्या पाळीला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नातेवाइकांना पेशंटचा चष्मा आणि कानाचं मशीन आणायला सांगा. ऐकू आलं, नीट दिसलं, तर तो सूचना पाळेल.