वेल्समधल्या गृहप्रकल्पावर हरकत कशी घ्यावी

गावाशेजारच्या शेतात घरं होणार अशी नोटीस लागली की सह्यांची मोहीम सुरू होते. पण ती जमीन स्थानिक विकास आराखड्यात, म्हणजे एलडीपीत, घरांसाठी राखून ठेवलेली असेल, तर इथे घरं हवीत की नकोत हा प्रश्न बहुतेक निकालात निघालेला असतो. मग वाद उरतो तो रस्ता, निचरा, मांडणी यांचा.

म्हणून खरी संधी आराखडा घडताना असते. वेल्समध्ये २५ नियोजन प्राधिकरणं आहेत: २२ कौन्सिलं आणि ३ राष्ट्रीय उद्यानं. आपल्या प्राधिकरणाच्या वेळापत्रकावर नजर ठेवा. जमिनी सुचवण्याच्या टप्प्यावर कोणालाही जागा सुचवता येते. पुढे ‘डिपॉझिट प्लॅन’, म्हणजे आराखड्याचा पूर्ण मसुदा, जाहीर झाला की हरकतींसाठी किमान ६ आठवडे मिळतात. हरकतीत तीन गोष्टी हव्यातच: कोणतं धोरण किंवा कोणती जागा, ती कोणत्या निकषावर टिकत नाही, आणि नेमका कोणता बदल हवा. निकष तीन आहेत. आराखडा इतर धोरणांशी, विशेषतः २०२१च्या ‘फ्यूचर वेल्स’ या राष्ट्रीय विकास आराखड्याशी, जुळतो का? इथल्या परिस्थितीला तो योग्य आहे का? आणि तो प्रत्यक्षात उतरेल का? बदल मागणाऱ्याला तपासणी करणाऱ्या निरीक्षकासमोर बोलण्याचा हक्क असतो, आणि निरीक्षकाच्या शिफारशी कौन्सिलवर बंधनकारक असतात. एवढं वजन पुढच्या कुठल्याच टप्प्यावर मिळत नाही.

प्रकल्प आलाच, तर १० किंवा त्याहून जास्त घरांसाठी विकासकाला अर्जाआधी २८ दिवस लोकांची मतं मागवावी लागतात. इथे हमखास घोटाळा होतो: ही मतं विकासकाकडे जातात, कौन्सिलकडे नाही. तेव्हा आपण हरकत नोंदवली असं समजून थांबू नका. अर्ज दाखल झाल्यावर अर्ज क्रमांक घालून तीच हरकत कौन्सिलकडे पुन्हा पाठवा. मुदत साधारण २१ दिवसांची असते. विकासकाने अर्जासोबत दिलेला सल्लामसलतीचा अहवालही वाचा आणि आपला मुद्दा त्यात वगळला असेल तर तसं लिहा.

घराची किंमत घसरेल, खिडकीतला देखावा जाईल, हे मुद्दे धरले जात नाहीत. खाजगीपणा, उजेड, रहदारी, पूर, वन्यजीव, वेल्श भाषेवरचा परिणाम हे धरले जातात. एकाच मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा आराखड्यातल्या धोरणाचा क्रमांक देऊन लिहिलेलं एक पत्र जास्त कामाचं. पत्र वेल्शमध्ये लिहा वा इंग्रजीत, किंमत सारखीच. निचऱ्यासाठी २०१९पासून वेगळी मंजुरी लागते. त्या मंजुरीचा अर्जही तपासा.

बरेच अर्ज अधिकारीच निकाली काढतात. प्रकरण समितीपुढे न्यायचं असेल तर आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला वेळेत लेखी विनंती करा. समितीवरच्या सदस्याकडून मात्र ‘मी विरोधात मत देईन’ असं वदवून घेऊ नका. आधीच मन ठरवलेल्या सदस्याला मतदानापासून दूर राहावं लागतं आणि हक्काचं मत जातं. समितीपुढे बोलायचं असेल तर नाव आधी नोंदवा.

परवानगी नाकारली गेली तर विकासक अपील करू शकतो. परवानगी मिळाली तर शेजाऱ्यांना अपील नाही. प्रकरण वेल्श मंत्र्यांनी स्वतःकडे घ्यावं ही विनंती निर्णयाआधीच करावी लागते. त्यानंतर उरतं फक्त हायकोर्ट: मुदत ६ आठवडे, खर्च मोठा, आणि तिथे तपासली जाते ती निर्णयाची कायदेशीरता, प्रकल्प चांगला की वाईट हे नव्हे.