कानाचा रियाज सुरू करताय? आधी आवाजाच्या या चुका टाळा

सूर ओळखायचा सराव देणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपात पडलं की पोट्टे पहिल्याच संध्याकाळी गुण मोजायला बसतात. आवाज धड येतोय का, हे पाहायला कोणाला सवड नसते.

माझा सगळ्यात जास्त राग ब्लूटूथवर. आर्वी तालुक्यातल्या एका गावात भजनी मंडळात पेटी वाजवणारा पोरगा प्रवेशिका या संगीताच्या परीक्षेची तयारी करत होता. दोन सुरांमधलं अंतर ओळखायच्या धड्यात रोज नापास. "सर, मले त एकच सूर ऐकू येते, दुसरा कुठून आनू?" मी पेटीवर दोन सूर वाजवले, त्यानं पाठ फिरवून बसल्या बसल्या दोन्ही सांगितले. कान शाबूत होता, खोट मंडळाच्या ब्लूटूथ स्पीकरात होती. थोडा वेळ शांतता राहिली की स्पीकर झोपी जायचा आणि जागा होईपर्यंत पहिला सूर निघून गेलेला असायचा. सॉफ्टवेअर सा-प वाजवी, पोराला नुसता प मिळे. वायरचा हेडफोन लावला आणि काम झालं. शिवाय ब्लूटूथवर आवाज बरेचदा एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो, म्हणजे तालाच्या सरावात बरोबर दाबलेली कळही चूक ठरते. वायर गुंतते म्हणे. गुंतू द्या. मी वायरच वापरतो.

दुसरी तक्रार: "सगळं सुरू आहे, पण आवाजच नाही." जीएनयू सोल्फेजसारखी सॉफ्टवेअरं मुख्यतः मिडीवर चालतात. मिडीत आवाज नसतो. कोणता सूर, किती जोरात, एवढाच हुकूम असतो. तो वाजवायला सिंथेसायझर लागतो. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा जीएस वेव्हटेबल सिंथ आधीपासून असतो. लिनक्सवर टिमिडिटी किंवा फ्लुइडसिंथ टाकावं लागतं, आणि फ्लुइडसिंथला साउंडफॉन्टची, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या संचाची, फाइल दिली नाही तर ते चालू दिसतं पण मुकं राहतं. फ्लुइडआर३ ही नेहमीची फाइल साधारण १४० एमबीची. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर उतरवून आणा. साउंड कार्ड गेलं म्हणून थेट दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप नेणारे मी पाहिलेत. दोन मिनिटं सेटिंग वाचायला मात्र यांना जड जातं.

पेटीशी सूर जुळत नसेल तर पेटी खोलू नका, आधी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने वाजतात ते, बघा. ४४,१०० चा आवाज ४८,००० च्या वेगानं वाजला तर ४४० हर्ट्झची पांढरी सहा पट्टी ४७९ च्या आसपास जाते, म्हणजे जवळपास दीड स्वर चढते. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून दीड.

अर्थिंग नसलेल्या घरात चार्जर लावला की हेडफोनमध्ये घूं येतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा घूं बरेचदा तिच्या दुपटीवर, १०० हर्ट्झवर असतो, पांढरी पाचच्या जरा वर. ज्याचा सा काळी एक, त्याच्या कानात तीव्र म आणि प यांच्या मधे फुकटचा तानपुरा लागतो. सरावापुरता चार्जर काढा. लाईन गेली की मी हटकून सराव घेतो, तेव्हा आवाज सगळ्यात स्वच्छ असतो.

मोबाइलच्या स्पीकरवर खर्जाचे सूर तपासू नका, तो ते काढतच नाही. बास बूस्ट, सराउंड वगैरे सगळं बंद. टीव्हीची एचडीएमआय वायर लावली असेल तर आवाज तिकडे गेलाय. आणि जॅक पूर्ण आत दाबा, टक् वाजेपर्यंत.