उठल्यावर अंधारी येते? बीपी आडवं आणि उभं, दोन्ही मोजा

माझ्या सासूबाईंना पहाटे अंथरुणातून उठलं की अंधारी यायची. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेलं बीपी मात्र दर वेळी चांगलं. मी 30 वर्षं वॉर्डात नर्स होते, तरी घरच्याच माणसाचं उभ्याने बीपी मोजायचं फार उशिरा सुचलं. ही रुखरुख आहे, म्हणून लिहिते.

लघवी उरकलेली असावी, चहा होऊन अर्धा तास झालेला असावा. 5 मिनिटं आडवं पडू द्या. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बीपी आणि नाडी दोन्ही लिहा. मग पट्टा न काढता उभं करा. 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. उभ्याने हात लोंबकळू देऊ नका. मी सासूबाईंचा हात छातीच्या मध्यापर्यंत उचलून पेलून धरते. पट्टा हृदयाच्या 10 सेंटिमीटर खाली गेला तरी बीपी सात-आठने जास्त दिसतं आणि नेमकी घसरणच लपते. पाठीशी खाट हवीच. अंधारी आली तर लगेच बसवा, मशीनची वाट पाहू नका.

वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंचं 138/80 चं 112/70 झालं. नाडी मात्र 72 वरून जेमतेम 76, आणि मी तिथेच थबकले.

कारण उभं राहताच अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात नि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब पडतो. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. ताण सैलावला की ती मेंदूच्या तळाशी खबर देतात. काही सेकंदांत ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. अंगात पाणी कमी असेल तर नाडी चांगलीच धावते. दाब पडूनही ती जागची हलत नसेल, तर जुन्या मधुमेहाने हृदयाला नि रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसा दुबळ्या झाल्याची शंका घ्यावी. सासूबाईंना मधुमेह आहेच. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीचं एक औषध) हेही नाडी दाबून धरतं, तर प्रोस्टेटच्या नि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी दाब उतरतो. म्हणून आकड्यांसोबत सगळ्या गोळ्या घेऊन जा. मनाने एकही बंद करू नका.

आता त्या उठण्याआधी पडल्या पडल्या पावलं वरखाली करतात. पोटऱ्या आवळल्या की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. मग दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसतात, आणि माझा हात धरून उभ्या राहतात.